सिमेंटचा पत्रा, त्याची धूळ आणि आपली छाती

(संघटनेच्या आरोग्य गटाने अभ्यास शिबिरात केलेली ही मांडणी. ज्या पाड्यांवरचे साथी शिबिराला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गावबैठकीत एकाने मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी आणि शेवटच्या कामांवर चर्चा करावी.)



पाड्यापाड्यावर फिरताना एक बदल सगळ्यांनाच दिसतो. गवताची आणि कौलांची छपरं कमी होत चालली आहेत, सिमेंटचा पत्रा वाढतो आहे. घरकुलाला पत्रा, अंगणवाडीला पत्रा, शाळेच्या पडवीला पत्रा, आता गोठ्यालासुद्धा पत्रा. दुसरीकडे, भात झोडून झालं की आपली तरणी पोरं-पोरी जगायला बाहेर पडतात. कोणी जुन्या इमारती पाडायच्या कामाला, कोणी गोदामाचं छप्पर बसवायला, कोणी भंगाराच्या वाड्यात. या दोन्ही ठिकाणी एकच धूळ आहे. तिचं नाव अ‍ॅस्बेस्टॉस. त्या धुळीबद्दल आज बोलायचं आहे.

घाबरवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. हे ऐकून घरी जाऊन उद्या कोणी पत्रा फोडू नका. का फोडू नका तेही पुढे सांगतो.

अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे काय?

अ‍ॅस्बेस्टॉस हा कारखान्यात बनवलेला पदार्थ नाही. तो खाणीतून निघणारा दगड आहे. पण हा दगड फोडला की त्याचे खडे होत नाहीत, धागे सुटतात. कापूस पिंजावा तसे. हे धागे जळत नाहीत, कुजत नाहीत, आम्लाने विरघळायलाही कठीण. म्हणून कारखानदारांना तो फार आवडला. बॉयलरवर आणि गरम पायपांवर गुंडाळायला, जहाजांत, गाड्यांच्या ब्रेकला, आणि सगळ्यात जास्त सिमेंटच्या पत्र्यांत व पायपांत तो वापरला गेला. पत्र्यात साधारण दहावा हिस्सा हा धागा असतो, बाकी सिमेंट. पांढरा, तपकिरी आणि निळा असे त्याचे मुख्य प्रकार. तिन्ही प्रकारांनी कॅन्सर होतो.

लोखंडी पत्रा पातळ असतो, वाकतो, गंजतो. सिमेंटचा पत्रा जाड, करडा, नागमोडी. तो वाकत नाही, फुटतो. आपल्याकडच्या नागमोडी सिमेंट पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालावं. डोळ्यांनी बघून तो नाही असं कोणी सांगू शकत नाही.

छातीत काय होतं?

कुसळी गवतातून चालून आलो की लुगड्याला, धोतराला कुसळं लागतात. कुसळ एकदा रुतलं की पुढेच जातं, मागे येत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा तसाच, पण इतका बारीक की हजार धागे जवळ ठेवले तरी दिसणार नाहीत. तो हवेत तासन्‌तास तरंगतो. श्वासाबरोबर आत जातो आणि फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतो. आपलं शरीर धूळ बाहेर टाकायचा प्रयत्न करतं, पण हा लांब धागा त्याला गिळता येत नाही आणि विरघळवताही येत नाही. तो तिथेच राहतो, टोचत राहतो. जखम होते, जखमेवर वण धरतो, वणावर वण धरत जातो.

यातून मुख्य तीन आजार होतात.

पहिला अ‍ॅस्बेस्टोसिस. फुफ्फुस वणांनी कडक होतं. भाता कडक झाल्यावर वारा कसा घेणार? कोरडा खोकला, चढावर दम, मग सपाटीवर दम, शेवटी बसल्या जागी दम. काहींच्या बोटांची टोकं फुगीर होतात. वर्षानुवर्षं धुळीत काम केलेल्यांना हा होतो.

दुसरा फुफ्फुसाचा कॅन्सर. इथे बिडीचा मुद्दा येतो. अ‍ॅस्बेस्टॉसनेही हा कॅन्सर होतो, बिडीनेही होतो. पण ज्याच्या छातीत दोन्ही गेले त्याचा धोका नुसत्या बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटीने वाढतो. धुळीत काम केलेल्या माणसाला आज औषधाने ती धूळ काढून देता येत नाही, पण बिडी सोडणं त्याच्या हातात आहे.

तिसरा मेसोथेलिओमा. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवा. फुफ्फुसाभोवती आणि पोटाच्या आत जे पातळ अस्तर असतं त्याचा हा कॅन्सर. छातीत पाणी भरतं, दुखतं, वजन झपाट्याने उतरतं. याला बिडीची गरज नाही, वर्षानुवर्षं धुळीत राहण्याचीही गरज नाही. थोड्या काळाच्या धुळीनेही तो झालेला आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे आजार लगेच दिसत नाहीत. धूळ आज गेली तर आजार दहा, वीस, तीस, चाळीस वर्षांनी वर येतो. साप चावला तर कोणाला चावला, कुठे चावला हे सगळ्या गावाला कळतं. ही धूळ चावते तेव्हा खाजसुद्धा येत नाही. आजार दिसतो तोवर ठेकेदार गेलेला असतो, कारखाना बंद झालेला असतो, आणि माणूस म्हणतो की म्हातारपणामुळे दम लागतो.

हे कधीपासून माहीत आहे?

कोणी म्हणेल की बिचाऱ्या कंपन्यांना माहीत नसेल. इतिहास बघा. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी नेली कर्शॉ नावाची कामगार बाई अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातायची. १९२४ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी ती वारली. तिची फुफ्फुसं तपासणाऱ्या डॉ. कुक यांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की मरण या धुळीने आलं. कंपनीने जबाबदारी नाकारली, भरपाई दिली नाही. १९३१ साली ब्रिटिश सरकारने कारखान्यातल्या धुळीसाठी नियम केले. त्याच काळात आपला देश त्यांच्याच ताब्यात होता आणि त्याच दशकात इथेही सिमेंट पत्र्याचा कारखाना सुरू झाला. तिथल्या कामगाराचं नियम करून रक्षण झालं, इथल्या कामगाराला नुसता कारखाना मिळाला.

१९६० साली दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सोबत्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रोगी नोंदवले. जवळजवळ सगळ्यांचा संबंध निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखाशी होता. त्यातले कित्येकजण खाणीत कधी कामाला गेलेच नव्हते. लहानपणी खाणीजवळ राहिले होते, एवढंच. त्या खाणींवर काळ्या बाया आणि पोरं बसून हातोडीने दगड फोडून धागा वेगळा करायची, हेही लक्षात ठेवा.

१९६५ साली लंडनमधल्या एका इस्पितळाच्या ७६ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नऊजण असे होते की ज्यांनी स्वतः अ‍ॅस्बेस्टॉसला हात लावला नव्हता, पण घरातलं माणूस त्या कारखान्यात जात होतं. कामावरचे कपडे घरी आले, झटकले, धुतले, त्यातून धूळ छातीत गेली. आणखी अकराजण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणारे होते. म्हणून बायांनो, हा फक्त कामावर जाणाऱ्या गड्यांचा आजार आहे असं समजू नका.

आदिवासींच्या जमिनीवर काय झालं?

हा दगड बऱ्याच ठिकाणी आदिवासींच्या जमिनीखाली सापडला. ऑस्ट्रेलियात बंजिमा आदिवासींच्या मुलखात विटेनूम इथे निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसची खाण निघाली. १९६६ ला ती बंद झाली. खाणीचा चुरा रस्त्यांवर, अंगणात, पोरांच्या खेळायच्या जागेवर पसरला होता. ज्यांनी तिथे फक्त बालपण काढलं त्यांतलेही लोक पुढे मेसोथेलिओमाने गेले. त्याच देशात बारयुलगिल इथे बुंदजलंग आदिवासींच्या वस्तीला लागूनच पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची खाण होती. मजूर बहुतेक तेच. चुरा शाळेच्या मैदानात टाकला, वस्तीत टाकला. खाण गेली, चुरा राहिला.

आपल्या देशातही हेच झालं. सिंहभूममध्ये चाईबासाजवळ रोरो नावाचा डोंगर आहे. हो आदिवासींचा मुलूख. तिथली अ‍ॅस्बेस्टॉसची खाण १९८३ ला बंद झाली. काम संपलं तशी कंपनी निघून गेली आणि धाग्यांनी भरलेल्या कचऱ्याचे ढीग डोंगरावर उघडे सोडून गेली. पावसाने तो कचरा खालच्या शेतांत उतरला. उन्हाळ्यात वारा त्याची धूळ करतो. पोरं त्या पांढऱ्या ढिगावर घसरगुंडी खेळली. राजस्थानात उदयपूरकडे आणि आंध्रात कडप्पाकडेही अशाच खाणी निघाल्या.

आपल्या डोंगरात अ‍ॅस्बेस्टॉस नसेल, पण यातून शिकायचं ते शिकू. खाण येते तेव्हा किती जमीन जाणार आणि किती जणांना काम मिळणार एवढंच विचारलं जातं. खाण जाताना मागे काय टाकून जाणार, आणि ते कोण उचलणार, हेही पहिल्या दिवशीच विचारलं पाहिजे. बॉक्साइट असो, दगडाची क्रशर असो, हाच प्रश्न.

कामावर कुठे गाठ पडते?

जुनी गिरणी, जुना कारखाना, जुनी गोदामं पाडताना. तिथली छपरं सिमेंट पत्र्याची, आणि बॉयलरवर, पायपांवर पांढरट पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. त्या पट्ट्या पत्र्यापेक्षा कितीतरी धोक्याच्या, कारण त्यात धागा सुटाच असतो. हाताने ओढल्या की धूर उठावा तशी धूळ उठते. जहाज तोडायच्या कामात हेच. वीज केंद्रात दुरुस्तीच्या वेळी हेच. गॅरेजमध्ये ब्रेकचे जुने पट्टे फुंकून साफ करताना हेच. नवीन शेडला करवतीने किंवा मशीनने पत्रा कापताना, हुकासाठी भोकं पाडताना हेच.

कामगारांनी काय करावं? मुकादमाला पाणी मागा. ओल्या वस्तूची धूळ कमी उडते. मशीनने कापायला, सुक्या झाडूने झाडायला नकार द्या, सगळ्यांनी मिळून द्या. एकट्याने दिला तर दुसऱ्या दिवशी नाक्यावर उभं राहावं लागेल. तोंडाला रुमाल बांधला म्हणजे धूळ थांबली असं समजू नका. रुमालाने रेती थांबते, हा धागा थांबत नाही. त्याला खास मास्क लागतो आणि तो देणं मालकाचं काम आहे. कामाचे कपडे घालून झोपडीत जाऊ नका, त्या कपड्यांनी पोराला उचलू नका. कपडे झटकू नका, आधी पाण्यात बुडवा, वेगळे धुवा. अ‍ॅस्बेस्टॉसच्या रिकाम्या गोण्या अंथरायला किंवा धान्य भरायला आणू नका.

घरात काय करावं?

धडधाकट पत्र्याखाली बसलं म्हणून लगेच आजार होत नाही. धागा सिमेंटमध्ये धरलेला असतो. तो सुटतो केव्हा? कापताना, फोडताना, घासताना, आणि पत्रा जुना होऊन त्याचा वरचा थर भुरभुरायला लागतो तेव्हा. म्हणून सुरुवातीलाच म्हणालो की फोडू नका. पत्रा रागाने काढून फोडण्यापेक्षा तो जागेवर शाबूत राहिलेला बरा.

पावसाळ्यानंतर पत्र्यावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने घासू नका. पत्र्यावर पोरांना चढू देऊ नका. त्यात दुसराही धोका आहे, जुना पत्रा पायाखाली फुटतो आणि माणूस खाली येतो. भोक पाडायचंच असेल तर पाणी ओतत, हाताच्या साध्या अवजाराने, हळू पाडा, आणि पोरंबाळं लांब ठेवा. खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने पुसून घ्या, मग फडकंही पुरून टाका. घरातल्या घरात कापाकापी नको.

फुटके तुकडे आपण कुठे वापरतो ते आठवा. चिखलात पाय ठेवायला वाटेवर, चुलीच्या आडोशाला, कोंबड्यांच्या खुराड्याला, न्हाणीच्या तळाला. वाटेवरचा तुकडा रोज पायाखाली, बैलगाडीखाली भरडला जातो. चुलीजवळचा तुकडा तापला की तडकतो, कधी फुटून उडतो. हे सगळे तुकडे ओले करून उचला, खताच्या जुन्या प्लास्टिक गोणीत बांधा आणि विहीर, ओढा, नांगरट यांपासून लांब खोल खड्ड्यात पुरा. जागेवर दगडाची खूण ठेवा, म्हणजे पुढे कोणी तिथे खणणार नाही. पोरांना पाटीवरच्या पेन्सिलीसारखा पत्र्याचा तुकडा घासत बसायची सवय असते, ती आजच मोडा.

डॉक्टरकडे जाताना

आपल्याकडे जुना खोकला म्हटलं की टीबी. टीबी आहेच, आणि तो बरा होणारा आजार आहे. म्हणून आधी बेडका तपासून घ्या. टीबी निघाला तर औषध मध्येच सोडू नका. पण तपासणीत जंतू सापडत नाहीत, टीबीचं औषध पुरं झालं तरी दम वाढतच जातो, असं असेल तर डॉक्टरांना सांगा की मी अमुक इतकी वर्षं पत्रा कापला, इमारती पाडल्या, दगड फोडला. डॉक्टर आपण होऊन विचारत नाहीत, आणि आपणही सांगत नाही. दगडाच्या आणि रेतीच्या धुळीने सिलिकोसिस नावाचा वेगळा आजार होतो, चुलीच्या धुरानेही छाती बिघडते. प्रत्येक दम अ‍ॅस्बेस्टॉसचा नसतो. छातीचा फोटो आणि कामाची हकिगत या दोन्हींवरून डॉक्टरला उलगडा होतो.

अ‍ॅस्बेस्टोसिस बरा करणारं औषध नाही. वण गेलेला परत येत नाही तसं फुफ्फुस मऊ होत नाही. पण धुळीतून बाहेर पडणं, बिडी सोडणं, ताप-कफ झाला की लगेच उपचार घेणं यांनी माणसाचे दिवस सुसह्य होतात. इंजेक्शन-सलाईनने दम जाईल म्हणून बैल विकायला लावणाऱ्यापासून सावध राहा.

कायदा काय म्हणतो?

अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने २७ जानेवारी १९९५ रोजी मोठा निकाल दिला. कोर्टाने म्हटलं की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, घटनेच्या कलम २१ मध्ये तो येतो. अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवलीच पाहिजे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने ज्यांना आजार झाल्याचं नक्की केलं त्यांना मालकाने एक लाख रुपये भरपाई द्यावी. त्याआधीच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीतही अ‍ॅस्बेस्टोसिस हा कामामुळे होणारा आजार म्हणून लिहिलेला होता.

कोर्टाने ४० वर्षं का म्हटलं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. आजारच तितक्या उशिरा येतो.

पण आपली अडचण वेगळी. आपण कारखान्याच्या हजेरीपटावर कधी नसतो. मुकादम उचल देतो, टेम्पोत भरतो, काम संपलं की टेम्पोत भरून आणतो. वीस वर्षांनी कोण सांगणार की हा माणूस तिथे होता? साथींनो, पुराव्याचं मोल आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? वनखात्याने दंड केला, कोंबडी नेली, पैसे नेले, पण ज्याने दंडाची ती चिटोऱ्याएवढी पावती आढ्याला खोचून जपली त्याचीच १९७८ च्या आधीची कसणूक कागदावर उभी राहिली. ज्याची पावती उंदरांनी खाल्ली तो अजून फेऱ्या मारतो आहे. छातीच्या बाबतीतही तसंच करायचं. प्रत्येक पाड्याने एक वही घालावी. कोण, कोणत्या साली, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या गावी, कोणतं काम, किती महिने. सोबत कोण होतं तेही लिहावं, म्हणजे साक्षीदार झाला. चिठ्ठी, पास, फोटो, काही मिळालं तर जपावं.

पत्रा आला कुठून?

आता शेवटचा आणि आपल्या लढ्याचा मुद्दा. आपले बापजादे पत्र्याखाली राहत नव्हते. सागाच्या मेढी, बांबूचे वासे, कारवीचा कूड, वर गवत नाहीतर कौल. दरवर्षी शाकारणी करायची. ते घर उन्हाळ्यात गार राहायचं. हे सामान जंगलातलं होतं. मग जंगल सरकारी झालं. एक मेढ आणली तर गुन्हा, कुऱ्हाड जप्त, वर दंड. बांबू कागद कारखान्याला स्वस्तात गेला आणि आपल्याला घराच्या वाशाला मिळेना. गवताच्या कुरणात रोपवनं झाली. अशा वेळी पत्रा आला. तो आम्हाला आवडला म्हणून आला असं नाही, दुसरं काही उरलं नाही म्हणून आला. वर त्याला प्रगती म्हणायचं.

कारखानदार म्हणतात, नीट वापरला तर पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस सुरक्षित आहे. नीट म्हणजे कसा? पाण्याची करवत, खास मास्क, बंद गोणीत कचरा. हे पाड्यावरच्या मिस्त्रीकडे आहे का? युरोपातल्या श्रीमंत देशांनी, ज्यांच्याकडे हे सगळं होतं त्यांनीसुद्धा, एकेकाने याचा वापर बंद केला. फ्रान्सने १९९७ पासून बंदी घातली. जे त्यांना यंत्रं असून जमलं नाही ते आम्हाला फडकं बांधून जमेल काय?

पत्र्याऐवजी लोखंडी पत्रा, मंगलोरी कौल, देशी कौल, बांबू हे पर्याय आहेत. ज्याच्या घरावर आज सिमेंटचा पत्रा आहे त्याने लाज बाळगू नये आणि कर्ज काढून तो काढायचीही घाई करू नये. पण नवीन घर, नवीन शाळा, नवीन अंगणवाडी यांना हा पत्रा नको हे आपण ठरवू शकतो. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने योजना आधी ग्रामसभेपुढे मंजुरीला आणायची आहे. घरकुलाची यादी जशी ग्रामसभेत वाचून घेतो, तसं छपराला काय घालणार हेही वाचून घ्यायचं.

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक पाड्याने चार कामं करावीत. एक, शाळा, अंगणवाडी, आश्रमशाळा यांचे फुटके पत्रे किती ते मोजून आणावं. दोन, बाहेर कामाला गेलेल्यांची वही सुरू करावी, ती बायांच्या मंडळाकडे ठेवावी. तीन, ज्यांना टीबीचं औषध पुरं होऊनही दम आहे अशांची नावं आरोग्य गटाला द्यावीत, आपण मिळून त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊ. चार, ग्रामसभेत ठराव घ्यावा की नव्या सरकारी बांधकामाला सिमेंटचा पत्रा नको, आणि घरासाठी लाकूड, बांबू, गवत आणायचा आमचा हक्क वनखात्याने अडवू नये. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह घ्यावी. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

जिंदाबाद!